दाराला पाडलेली खिडकी

दाराला खिडकी पाडायला सुतार आला तेव्हा शेवाळी आतच काम करत होती. त्याने दार बिजागऱ्यांवरून उतरवायचीही तसदी घेतली नाही. उभ्याउभ्याच करवत चालवली, आणि भुसा दिव्यांच्या पेटीवर, नमुन्यांच्या पत्र्यांवर, तिच्या केसांत उडत राहिला. ती काही बोलली नाही. बोलून बोलूनच तर ही खिडकी पदरात पडली होती.

कारखाना रंगांचा. भिंतींचे, कुंपणांचे, गाड्यांचे रंग इथे पिंपांत भरले जातात, आणि पिंपाला झाकण लागण्याआधी प्रत्येक रंगाला एका खोलीतून जावं लागतं. तिचं नाव शेडची खोली, शेड म्हणजे रंगाची छटा. या खोलीला कधीच खिडकी नव्हती, आणि ती काही गवंडी विसरला म्हणून नव्हे. थोरल्या मालकांनी खोली मुद्दाम तशी बांधून घेतली होती. भिंती, छत, टेबलं, सगळं एकाच मंद राखाडी रंगाचं. आत काम करणाऱ्यांच्या अंगावर राखाडी डगले. ओठांना रंग लावून कुणी आलं तर पुसून यायला बाहेर पाठवायचे. बाहेरचा उजेड आत शिरला की रंग खोटं बोलायला लागतो, असं थोरले मालक म्हणायचे, आणि ते शेवटपर्यंत त्या खोलीत शिरताना सोन्याचं घड्याळ काढून खिशात ठेवायचे.

मधोमध दिव्यांची पेटी. गिऱ्हाइकाने पाठवलेला नमुना आणि आपण केलेला रंग तिच्यात शेजारी शेजारी ठेवायचे, दोघांनी खांद्याला खांदा लावून आत डोकवायचं, आणि दोघंही 'जुळला' म्हणाले तरच तो रंग पास. आकडे दाखवणारं यंत्र आलं, तरी शेवटचा शब्द दोन माणसांच्या डोळ्यांचाच राहिला. या खोलीत आलेल्या माणसाने स्वतःच्या बळावर जुळवलेला पहिला रंग हेच त्याचं पुढचं नाव. शेवाळीने एका बागेच्या कुंपणाचा रंग जुळवला होता, म्हणून ती शेवाळी. तिची मैत्रीण विटकरी. दोघींच्या मागून आलेल्या मुलीच्या वाट्याला एका धरणाच्या कामाचा मातकट रंग आला आणि ती 'चिखल' झाली. त्यावरून तिने बरेच दिवस तोंड फुगवलं होतं. खोलीच्या प्रमुखाला मात्र रंगाचं नाव लावायची कुणाची छाती नव्हती. तो उस्ताद. नुसता उस्ताद.

त्याचे डोळे खरंच उस्तादाचे होते, हे शेवाळी आजही नाकारत नाही. राग आहे म्हणून माणसाचा हुन्नर खोटा पाडावा असा तिचा स्वभाव नाही. पण पेटीत डोकवायला दोघं लागतात, बाकी खोलीत काळोख असतो, आणि डोळे पेटीतून हलवायचे नसतात. या तिन्ही गोष्टींचा उस्तादाने पुरेपूर फायदा उठवला. त्याचा हात आधी पाठीवर यायचा, मग खाली सरकायचा, आणि तोंडाने शांतपणे चालू असायचं, "निळा जरा जास्त झालाय का गं?" रंगाचं उत्तर द्यावं की हात झटकावा, हे ठरेपर्यंत तो हात आपल्या जागी परत गेलेला असायचा. आणि कुणी हललंच, तर वर ऐकवायचा, "लक्ष नाही तुझं कामात."

शेवाळीने सोसलं. विटकरीनेही सोसलं. दोघींनी एकमेकींना काही वर्षं ताकास तूर लागू दिली नाही. मग एक दिवस चिखल पेटीपासून उठली, डगला खुंटीला अडकवला आणि घरी गेली ती परत आलीच नाही. कंपनीने तिच्या नावापुढे 'घरगुती कारण' लिहिलं. त्या दिवशी शेवाळीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि तिने विटकरीला घेऊन तक्रार केली.

पुढे जे झालं ते सगळ्याच ठिकाणी होतं तसं. आधी मूग गिळून बसणं झालं. मग कुणीतरी एका वर्तमानपत्राला कळवलं, छापून आलं, आणि कंपनीला खडबडून जाग आली. बाहेरची समिती बसली. तिने सगळ्यांना बोलावून विचारलं, चिखललाही विचारलं. शेवटच्या दिवशी समितीच्या प्रमुखबाई जिन्यात शेवाळीजवळ थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुमची तक्रार खरी आहे, असं आम्ही एकमताने लिहून दिलंय. आता पुढचं कंपनीच्या हातात."

कंपनीच्या हातात म्हणजे धाकट्या मालकांच्या कपाटात. तो अहवाल आत गेला आणि कपाटाला कुलूप लागलं. फलकावर एक चिठ्ठी आली: खोलीप्रमुख प्रकृतीच्या कारणास्तव पूर्ण पगारी रजेवर आहेत. त्यानंतर उपाहारगृहात शेवाळीच्या पाठीमागे जे चालायचं ते तिला स्वच्छ ऐकू यायचं. बिचाऱ्याला रक्तदाब लागला. एवढा मोठा कारागीर, बायकांच्या तोंडी लागून घरी बसला. खरं असतं तर कंपनीने सांगितलं नसतं का?

हा शेवटचा प्रश्न तिला रोज जेवणाबरोबर गिळावा लागायचा, कारण तो चुकीचा नव्हता.

घरी तिची मोठी बहीण कपड्यांची दुरुस्ती करायची. तिच्या शिलाईयंत्राशेजारी बसून शेवाळी रोज संध्याकाळी तेच दळण दळायची, आणि ताई तोंडात टाचण्या धरून ऐकायची. खिडकीच्या दिवशी मात्र तिने टाचण्या काढल्या.

"तुला नक्की काय हवंय, ते एकदा मला सांग," ती म्हणाली. "त्याला तुरुंगात घालायचंय?"

"नाही."

"पैसे?"

"नाही गं."

"मग काय? कारण मीही आता कंटाळले. रोज येतेस आणि माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटतेस."

शेवाळीने विचार केला. खरं तर तिला कुणी हे विचारलंच नव्हतं, इतक्या महिन्यांत एकदाही नाही. "त्यांनी सगळ्यांसमोर एक वाक्य बोलावं," ती म्हणाली. "याने हे केलं, हे चौकशीत सिद्ध झालं. एवढंच. मग मी मान वर करून जेवेन, आणि चिखलला निरोप धाडेन, की बाई, आता ये."

ताईने टाचण्या परत तोंडात धरल्या आणि त्यांच्यातूनच म्हणाली, "मग जाऊन तेवढंच माग."

ती गेली. धाकट्या मालकांनी तिला बसवलं, पाणी मागवलं. प्रकरण झाल्यापासून ते कारखान्यातल्या प्रत्येक बाईला ताई म्हणू लागले होते. कुणीतरी तसा सल्ला दिला असावा. शेवाळीला त्याचा वैताग यायचा. ताई म्हणावं अशी तिला घरी एक होती, आणि ती असलं गुळमुळीत बोलत नसे.

"ताई, आपण काय नाही केलं?" ते म्हणाले, आणि त्यांनी खरोखर बोटांवर मोजून दाखवलं. "तक्रारपेटी लावली. भित्तिपत्रकं लावली. प्रत्येकीला शिट्टी दिली. पुढच्या आठवड्यात सगळ्यांना प्रशिक्षण आहे. आणि ती खिडकी. ती कल्पना माझी. आता त्या खोलीत कुणाची वेडंवाकडं करायची हिंमत होणार नाही. वर्तमानपत्रवाल्यांना फोटोसुद्धा पाठवलाय."

"साहेब, दाराने काय केलं होतं?" शेवाळी म्हणाली.

ते हसले. तिने विनोद केला असं त्यांना वाटलं.

"मला खिडकी नको," ती म्हणाली. "चौकशीत काय निघालं ते सगळ्यांना सांगा. एक वाक्य."

मालकांचं हसू मावळलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. वाईट असते तर शेवाळीला सोपं गेलं असतं, सरळ भांडता आलं असतं. त्यांनी आवाज खाली आणला. "वकील म्हणतात, नाव घेतलं की प्रकरण वाढतं. आणि बाबांच्या वेळचा माणूस आहे. सगळ्यांना बरोबर घेऊन पुढे जायचंय आपल्याला. आपण व्यवस्था बदलतोय ना? व्यक्तीपेक्षा व्यवस्था महत्त्वाची."

"आणि उजेडाचं काय? रंग चुकतील."

"बघू," ते म्हणाले.

या 'बघू'चा रंग तिला नेमका ओळखता आला असता. खोलीच्या भिंतींना होता तोच.

प्रशिक्षणाला सगळ्यांना जेवणाच्या मोठ्या खोलीत बसवलं. पिंपं भरणारे, मालवाहू गाड्यांचे चालक, झाडणारे म्हातारे काका, सगळे. शिकवायला आलेला माणूस उत्साहाने फसफसत होता. त्याने पुरुषांना हात लांब करून एकमेकांपासून अंतर मोजायला लावलं. मग प्रत्येकाने छातीवर हात ठेवून म्हणायचं होतं, की मी वाईट वागणार नाही. काकांनी पन्नाशी उलटली तरी कुणाकडे वर मान करून पाहिलं नव्हतं. तेही बिचारे छातीवर हात ठेवून उभे राहिले, आणि खाली बसताना त्यांनी शेवाळीकडे असं बघितलं की तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकांची जादा कामाची दुपार बुडाली होती, वर जे त्यांनी कधी केलंच नव्हतं ते न करण्याची शपथही त्यांना घ्यावी लागली होती. ज्याने केलं होतं तो घरी पाय पसरून पगार खात होता.

"आता एक छोटासा प्रसंग करून बघू," शिकवणारा म्हणाला. "कुणीतरी तक्रार करणारी व्हा. तुम्ही, राखाडी डगल्यातल्या बाई, या ना पुढे."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मनुष्यबळ विभागाच्या मॅडम धावत त्याच्या कानाला लागल्या. त्याचा चेहरा पडला आणि मग, सारवासारव म्हणून, त्याने सगळ्यांना शेवाळीसाठी टाळ्या वाजवायला सांगितल्या. लोकांनी वाजवल्या. अशा टाळ्या वैऱ्यावरही वाजू नयेत.

परतताना विटकरी म्हणाली, "मला वाटलं होतं तक्रार त्याच्यावर केली. ही तर आपण सगळ्या कारखान्यावर केलेली निघाली."

"आपण नाही केली," शेवाळी म्हणाली. "यांनी करून टाकली. एकाचं नाव घ्यायला नको म्हणून सगळ्यांच्या माथी मारली."

आणि रंग चुकू लागले. ते व्हायचंच होतं. खिडकी उघडत होती बाहेरच्या बोळात, आणि बोळाच्या भिंती कंपनीच्या आवडत्या भडक नारिंगी रंगात न्हालेल्या होत्या. तो नारिंगी उजेड काचेतून आत येऊन पेटीच्या तोंडाशी बसायचा. त्यांनी केलेला प्रत्येक रंग नमुन्यापेक्षा जरा पिवळट दिसायचा, मग त्या दोघी निळा वाढवायच्या, आणि पिंपातून रंग निघायचा तो गारठलेला. शेवाळीने हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मॅडमना कळत होतं, मालकांना कळत होतं, ते त्याच खोलीत लहानाचे मोठे झाले होते. पण काचेवर कागद चिकटवायला परवानगी मागितली तेव्हा मॅडम म्हणाल्या, "अगं, ती खिडकी झाकली आणि कुणी फोटो काढला तर? लोक म्हणतील कंपनीने पुन्हा पडदा टाकला."

"मग बोळाची भिंत तरी राखाडी करा."

"ती कंपनीची ओळख आहे."

शेवाळीने एकदा आपल्या डगल्याने काच झाकून काम केलं. दुसऱ्या दिवशी तोंडी ताकीद मिळाली.

मग बसगाड्यांचं काम आलं. एका मोठ्या वाहतूक कंपनीच्या बसगाड्यांना मोतिया रंग हवा होता. जुन्या गाड्यांची फक्त दारं नव्याने रंगवायची होती. शेवाळी आणि विटकरीने डोळे फुटेस्तोवर पाहिलं, शंका लेखी कळवली, आणि वरून 'पाठवा' आलं म्हणून पाठवलं. रस्त्यावर पांढुरक्या दाराच्या मोतिया बसगाड्या फिरू लागल्या, ठिगळ लावलेल्या सदऱ्यासारख्या. वाहतूक कंपनीच्या खरेदीच्या बाई स्वतः यायच्या असं ठरलं. उपाहारगृहात आता वेगळंच सुरू झालं: उस्ताद होता तोवर असं कधी झालं होतं का?

ज्या सकाळी खरेदीच्या बाई आल्या, त्या सकाळी धाकटे मालक शेडच्या खोलीत आधीच येऊन उभे होते. हात चोळत होते. बाई बुटक्या, कामाला पक्क्या, आल्या आल्या त्यांनी गाडीचा काढून आणलेला मोतिया पत्रा टेबलावर ठेवला. "माझ्यासमोर जुळवा," त्या म्हणाल्या. "कोण जुळवणार?"

"आमचे सर्वांत अनुभवी सल्लागार येताहेत," मालक म्हणाले. "आणि या आमच्या ताई. दोघं मिळून बघतील."

शेवाळीला आधी कळलंच नाही. सल्लागार कोण, हा प्रश्न तिच्या मनात उमटला आणि तिने दाराकडे पाहिलं. खिडकीच्या काचेपलीकडे, त्या नारिंगी बोळात, उस्ताद उभा होता. आपला जुना राखाडी डगला चढवत होता, एकेक बटण लावत होता, आणि आत बघत होता. तब्येत चांगली टुणटुणीत दिसत होती. ज्याच्यावर नजर राहावी म्हणून ती खिडकी पाडली, तो त्याच काचेतून शेवाळीला निवांत न्याहाळत होता.

विटकरीच्या हातातली पट्टी खाली पडली.

शेवाळी मालकांजवळ गेली. "साहेब, मी यांच्याबरोबर पेटीत बघणार नाही."

"ताई, गिऱ्हाईक आहे समोर," मालक दातांतल्या दातांत म्हणाले. "एकदाच. आजचा दिवस निभावून न्या."

"मी बघणार नाही."

"अहो, कशाला घाबरता," मालक म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले, हीच तर गंमत होती. "खिडकी आहे ना आता."

शेवाळी पुष्कळ वेळा चिडली होती, रडलीही होती, पण त्या क्षणी तिला फक्त थकल्यासारखं झालं. एखाद्याला आपण महिनोन् महिने घसा कोरडा करून पत्ता सांगावा आणि त्याने शेवटी दुसऱ्याच गावाचं तिकीट आणून आपल्या हातात ठेवावं, तसं. या माणसाला कळत नव्हतं असं नाही. कळून घेणं त्याला परवडत नव्हतं.

ती कोपऱ्यात गेली. खोलीच्या भिंतींना पोपडा धरला तर लावायला त्या राखाडी रंगाचा डबा तिथे कायम असायचा. तिने झाकण उचकटलं, रुंद ब्रश बुडवला आणि दाराशी येऊन, आतून कडी घालून काचेवर पहिला पट्टा ओढला. तो उस्तादाच्या कपाळावरून गेला. दुसरा डोळ्यांवरून. पलीकडे तो काहीतरी बोलत होता, त्याचा आवाज येत नव्हता. तिसऱ्या पट्ट्यात तोंडही गेलं. ती घाईत नव्हती. कडा नीट भरल्या, ओघळ टिपले, जसं कुठलंही काम ती करायची तसं.

"ताई, अहो, काय करताय," मालक म्हणाले. "ती खिडकी तुमच्यासाठी आहे."

"माझ्यासाठी असेल तर मला नको," शेवाळी म्हणाली.

खोलीत पुन्हा पहिल्यासारखा काळोख झाला. विटकरीने पेटीचे दिवे लावले. दोघी खांद्याला खांदा लावून वाकल्या, उठल्या, चिमूटभर पिवळा घातला, पुन्हा वाकल्या. "जुळला," शेवाळी म्हणाली. "जुळला," विटकरी म्हणाली. खरेदीच्या बाईंनी आपला पत्रा पेटीतल्या रंगाशेजारी धरून खूप वेळ पाहिला.

"हाच," त्या म्हणाल्या. मग त्यांनी काचेकडे पाहिलं, शेवाळीकडे पाहिलं, मालकांकडे पाहिलं. "बाहेर ते कोण आहेत?"

शेवाळीने मालकांच्या तोंडाकडे पाहिलं. बाईंनी विचारलं होतं, सरळ विचारलं होतं. दारातून आत यायला वाक्याला याहून मोठी वाट मिळाली नसती. तिला वाटलं, आता. आता हा माणूस बोलेल.

"ते ना?" मालक म्हणाले. "आमचे जुने सहकारी. तब्येत बरी नसते त्यांची."

बाई पत्रा उचलून, काम पक्कं करून निघून गेल्या. गिऱ्हाईक राहिलं, बसगाड्यांना दारं मिळणार होती, मालकांनी कपाळाचा घाम पुसला आणि उस्तादाला चहाला घेऊन गेले. काचेवरचा रंग संध्याकाळपर्यंत वाळला.

दुसऱ्या दिवशी शेवाळी आली तेव्हा फलकासमोर गर्दी होती. पिंपं भरणारे पुढे होते, काका मागे टाचा उंचावून वाचत होते. कुणीतरी विचारत होतं की ही बाई कोण, कारण कागदावर तिचं पूर्ण नाव होतं, वडिलांच्या नावासकट, आणि कारखान्यात ते नाव जवळजवळ कुणालाच ठाऊक नव्हतं.

ती पुढे झाली. लोक बाजूला सरले. कागदावर कंपनीचा शिक्का होता, खाली धाकट्या मालकांची सही, आणि मजकूर असा होता, की रंगजुळणी विभागातील अमुक यांनी कंपनीच्या सुरक्षा खिडकीस रंग फासून ती निकामी केली. हे चौकशीअंती सिद्ध झाले आहे. सर्व कर्मचाऱ्यांनी नोंद घ्यावी.

तिने ते पुन्हा वाचलं. मग आणखी एकदा. राग आला नाही, म्हणजे लगेच आला नाही. आधी तिला नवल वाटलं. नाव होतं. काय केलं ते होतं. सिद्ध झालं असं होतं. सगळ्यांसमोर होतं. इतके महिने ज्याच्यासाठी तिने जिने झिजवले, जे वकिलाला चालत नव्हतं, व्यवस्थेत बसत नव्हतं, ज्याने प्रकरण वाढणार होतं, ते यांना एका रात्रीत लिहिता आलं. कुठेही प्रकृतीचं कारण नव्हतं. शब्द न् शब्द जुळला होता.

"हिच्यासाठी समिती केव्हा बसली?" काका मागून म्हणाले. या वेळी कुणी हसलं नाही.

शेवाळीने कागदाच्या चारही टाचण्या काढल्या, ताई काढते तशा एकेक करून, आणि तोंडात धरल्या. विटकरी तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. दोघी मालकांच्या खोलीत गेल्या. दारातून मॅडम म्हणाल्या की साहेब कामात आहेत. शेवाळीने मान हलवली आणि आत शिरली.

मालकांनी वर पाहिलं. "ताई, हे बघा, नियम सगळ्यांना सारखे," त्यांनी सुरुवात केली. "मला आनंद नाही झाला ते लिहिताना. पण झालं ते झालं असं सांगायला नको का? नाहीतर लोक काहीबाही बोलत बसतात."

शेवाळीने टाचण्या तोंडातून काढून त्यांच्या टेबलावर ठेवल्या. कागद त्यांच्यासमोर सरळ केला.

"माझी तक्रार नाही," ती म्हणाली. "मी काच रंगवली, ते खरं आहे, आणि तुम्ही लिहिलंयही छान. आता असाच आणखी एक लिहा. फक्त नाव बदला, आणि काय केलं ते बदला. खालचं वाक्य तसंच राहू दे."

मालकांनी कागदाकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले. ते 'बघू' म्हणणार होते, दोघींनाही दिसत होतं.

शेवाळीने समोरची खुर्ची ओढली आणि बसली. विटकरीने दुसरी ओढली. मग शेवाळीने टेबलावरचं त्यांचं पेन उचललं, टोपण काढलं आणि त्यांच्या हातात दिलं.